चावलेला पैसा

आधीच सांगते, मला जुन्या नाण्यांतलं फार कळतं असा माझा दावा नाही. तो दावा लोकांचा आहे आणि त्यांनी तो आणून माझ्या डोक्यावर ठेवलाय. माझं माहेर लातूरचं, वडलांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. सासर नांदेडचं, आणि सासरे रेल्वेतून रिटायर झाल्यापासून जुन्या नाण्यांच्या नादी लागलेले. बापही नाणेवेडा, सासराही नाणेवेडा आणि मधल्या मधे मी. दोघं एकमेकांचे इवाई. पुण्याकडचे व्याही आणि विहीण म्हणतात, आमच्याकडं इवाई आणि ईनबाई. रुसवेफुगवे दोन्हीकडं सारखेच.

वडलांना आम्ही अप्पा म्हणतो, आईला अव्वा, कारण ती उदगीरकडची. सासऱ्यांना मी मामा म्हणते. एवढी माणसं लक्षात ठेवली की झालं. माझ्या नवऱ्याला ह्या गोष्टीत काही काम नाही. त्याला नाणं म्हटलं की भाजीवाल्याला द्यायचे सुटे पैसे आठवतात. बिचारा सुखी आहे.

तर, जुन्या तांब्याच्या पैशात काही वेडंवाकडं दिसलं की पहिला प्रश्न एकच: हे टांकसाळीत झालं की बाहेर? टांकसाळीत ठसा दोनदा बसला, सरकून बसला, चकतीच अर्धवट निघाली, तर ती चूक. ती नाण्याची जन्मखूण, आणि नाणेवेडे तिच्यापायी जीव टाकतात. बाहेर पडल्यावर कुणी ठोकलं, घासलं, भोक पाडलं, तर ती जखम. जखमी नाण्याला कुत्रं विचारत नाही. शास्त्र एवढंच आहे. पण ज्याला त्याला आपल्या घरातली जखम जन्मखूणच वाटते आणि तिथं सगळा घोळ होतो.

अलीकडं मोबाइलवर ते व्हिडिओ यायला लागल्यापासून तर विचारूच नका. 'तुमच्या घरात असा पैसा आहे का? मग तुम्ही मालामाल!' झालं, गल्लीतल्या प्रत्येकानं देवघरातलं डबडं उपडं केलं आणि माझ्या दारात लाइन लागली. अर्धापूरचे आमचे एक नातेवाईक, केळीचे बागायतदार, खास गाडी करून आले. फडक्यात गुंडाळलेला पैसा, त्याला मधोमध भोक. म्हणाले, "वहिनी, टांकसाळीत चुकून भोक पडलंय बघा. असा दुसरा गावणार न्हाई." मी भिंग लावलं. भोकाच्या कडेचं तांबं एका अंगाला ढकललेलं, आत आट्यांच्या खुणा, आणि वास ग्रीसचा. मी म्हटलं, "भाऊजी, ही चूक टांकसाळीची न्हाई, तुमच्या विहिरीवरच्या मोटारीची हाय. कुणीतरी वायसर करून लावला होता." त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणाले, "हाव की! आमच्या दादानं लावला आसंल. तरीच ती मोटार लई वर्षं चालली." चहा पिऊन गेले, आणि जाताना केळीचा घड ठेवून गेले, एवढं बरं.

देगलूरच्या एक बाई आल्या, त्यांच्या पैशाला काठावर टेंगूळ. त्यांचं म्हणणं, टांकसाळीत तांबं जास्तीचं पडलं. मी म्हटलं, "बाई, हे तांबं नाही, डाग आहे. कुणीतरी कडी डागून गळ्यात घातला होता, पुढं कडी तुटली." त्या मलाच म्हणाल्या, तुम्हाला काही कळत नाही! मग मी पण कमी नाही. "ज्याला कळतं त्याच्याकडं जा की मग, माझ्या दारात उन्हाच्या कशाला आलात?" असं तोंडावर म्हटलं. माझा स्वभाव तापट आहे, मी अप्पांच्या आईवर गेलेय म्हणतात. ती आमची आजी अंगणात उभी राहून बोलायला लागली की चार घरं पलीकडची मांजरं पळायची.

मला हे सगळं शिकवलं अप्पांनी. लोक फुटकी घागर, चेपलेला हंडा मोडीत घालायला आणायचे, त्यात कधी कधी जुने तांब्याचे पैसे यायचे. अप्पा ते बाजूला काढायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला गल्ल्याशेजारी बसवून एकेक पैसा पुढं ठेवायचे आणि म्हणायचे, "सांग, चूक का जखम?" शाळेतली परीक्षा त्यापुढं सोपी होती. चुकलं की अप्पा रागवायचे नाहीत, नुसतं हसायचे, आणि ते हसणं मला जास्त झोंबायचं.

त्यांनी शिकवलेली सगळ्यात भारी गोष्ट चावलेल्या पैशाची. टांकसाळीत तांब्याच्या लांब पट्टीतून गोल चकत्या पाडतात. पट्टी पुरती सरकली नाही की नवी चकती जुन्या भोकावर येते आणि तिच्या काठाचा घास जातो, कुणी चावल्यासारखा. ही खरी चूक. पण तसा घास कुणी घरी बसूनही काढू शकतं. मग ओळखायचं कसं? अप्पा म्हणायचे, "चावा बघूच नको. चाव्याच्या समोरची कड बघ." चकतीची कड यंत्रात दाबून उचलतात, आणि दाबायला दोन्ही अंगांनी तांबं लागतं. मी आणि अव्वा नदीवर वाकळ धुवायचो, ती दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची. एकीनं हात सोडला की दुसरीला पीळ घालता येत नाही. तसंच हे. जिथं घास गेलाय तिथं यंत्राला धरायला काही नाही, म्हणून त्याच्या बरोबर समोरची कड लेचीपेची, पुसट निघते. चावा टांकसाळीतला असला तर समोरची कड पुसट. समोरची कड ठसठशीत असली तर समजायचं की नाणं बाहेर आलं तेव्हा अख्खं होतं आणि कुणीतरी मागनं हात मारलाय.

आणखी एक सांगायचे. "ताजं कापलेलं तांबं लालबुंद दिसतं, ते लपत न्हाई. मग लबाड माणसं काय करतात? उकिरड्यात पुरतात. शेणामुतात राहिलं की तांबं असं काळं पडतं, की बघणाऱ्याला वाटावं आजाच्या काळापासून असंच हाय." हे ते इतकं बारीक सांगायचे, की कुठला उकिरडा, म्हशीचा का गाईचा, कितीसं खोल. हे त्यांना कसं ठाऊक, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

आणि ह्या माणसाचा स्वतःचा सगळ्यात लाडका पैसा कोणता, तर चावलेलाच! निजामाच्या अमलातला, दोन पाईचा, उर्दू अक्षरांचा, चॉकलेटी काळा, आणि काठाला हा असा चंद्रकोरीसारखा घास. अप्पांच्या वडलांनी त्यांना जुन्या पैशांची एक थैली दिली होती, तिच्यातला. बाकीचे कुठं कुठं गेले, हा राहिला. पाहुणा आला, पाणी दिलं, की अप्पांचा हात खिशात. "बघा, टांकसाळीतूनच असा निघालाय." तो पैसा ते कुणाच्या हातात म्हणून देत नसत. चाव्याच्या समोर अंगठा आणि बोट लावून धरायचे, लांबून दाखवायचे आणि परत खिशात. मी जन्मभर तो पैसा बघितला, पण कायम अप्पांच्या अंगठ्यासकट.

स्टील आलं, मग प्लास्टिक आलं, पुढं अप्पांचे गुडघे गेले आणि दुकान बंद झालं. त्यानंतर त्यांच्याकडं मिरवायला हा एवढा एक पैसाच उरला होता. घरी बसलेला माणूस चिडका होतो म्हणतात. अप्पा नाही झाले, कारण दिवसातून एक तरी माणूस तो पैसा बघायला सापडायचा. पेपरवाला, गॅसवाला, मीटर बघणारा. कुरियरचा माणूस तर आमच्या घरचं पार्सल फाटकावरूनच फेकून पळायचा.

परवाच्या श्रावणात अप्पा आणि अव्वा नांदेडला आमच्याकडं राहायला आले होते. शनिवारी संध्याकाळी चहाला सगळे बसलो. अप्पांनी सवयीनं पैसा काढला. मामांनी तो शंभरदा बघितलेला, आणि शंभरदा गप्प बसलेले. त्या दिवशी काय किडा वळवळला कोण जाणे. बशीतला चहा फुंकत म्हणाले, "इवाई, राग मानू नका. पण ह्यो पैसा कुणीतरी कापलेला हाय."

चहा ओतणारा अव्वेचा हात थांबला. अप्पा लाल झाले.

"रेल्वेच्या डब्यावर खडूनं नंबर टाकणाऱ्याला तांब्यातलं काय कळतंय?" अप्पा म्हणाले.

"आन् हंडे विकणाऱ्याला टांकसाळ कळती व्हय?"

झालं! दोन म्हातारे असे जुंपले की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, ऐकायला. मामांना जिंकायची भारी हौस. त्यांच्या लेखी जगातला प्रत्येक पैसा जखमी असतो, जोवर तो त्यांचा होत नाही. बोलता बोलता पैज लागली. मामा म्हणाले, "उद्या आमच्या नाणेवाल्यांची बैठक हाय, सगळ्यांसमोर होऊन जाऊ द्या. जखम निघाली तर पैसा पुलावरून गोदावरीत टाकायचा." गाडीनं पूल ओलांडताना लोक नदीला पैसा वाहतात, त्यात पुण्य असतं. पण हे वाहणं वेगळं होतं. अप्पा म्हणाले, "टाकतो. आन् टांकसाळीची चूक निघाली, तर भर बैठकीत तुमच्या हातानं मला फेटा बांधायचा. आन् परत ह्या पैशाला जखम म्हणायचं न्हाई."

"आन् पंच कोण?"

दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मला ह्यात ओढू नका, मला भाजी निवडायचीय." पण ऐकतो कोण! एकाची लेक, दुसऱ्याची सून. दोघांनाही वाटलं मी आपलीच. अप्पांनी पैसा माझ्या हातावर ठेवला. ठेवताना त्यांचं बोट जरासं रेंगाळलं.

आयुष्यात पहिल्यांदा तो पैसा अंगठ्याशिवाय मला बघायला मिळाला. मी खिडकीपाशी गेले, उजेडात धरला, भिंग लावलं आणि समोरची कड बघितली. ठसठशीत! नुकती उचलल्यासारखी, कुठं पुसट नाही. चाव्याच्या आतल्या अंगाला तांबं किंचित दुमडलेलं, हत्याराचा टोला बसल्यासारखं. चूक नव्हती ती, शुद्ध जखम होती. पहिलीतल्या पोरानं ओळखली असती.

"काय?" मामांनी विचारलं.

"उद्या बैठकीत सांगेन," मी म्हटलं आणि पैसा पदराला बांधला.

मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला होता, मामांचा. कशाला पाहिजे होतं? खरं बोलले तर माझा बाप पुलावर उभा राहून आपल्या वडलांची आठवण पाण्यात टाकणार, आणि तो टाकणारच, शब्दाचा तसा पक्का आहे. घरी जाऊन मग खिशात हात घालणार आणि काढणार काय? खोटं बोलले तर मामांच्या घरात, मामांचं मीठ खाऊन, मामांनाच शेंडी लावली असं होणार. शिवाय मामांनाही समोरच्या कडेचं ठाऊक होतं, ते काय भिंग घरी विसरून येणार होते?

सकाळी मी भाकरी करत होते. अव्वा आत आली, दार लोटून घेतलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"काय दिसलं गं तुला?" तिनं हळूच विचारलं.

"काय दिसायचंय. कापलेला हाय."

"हावच की," अव्वा म्हणाली. "मीच कापवला."

माझी भाकरी तव्यावर करपली. अव्वा सांगत राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, नव्या नवरीसारखी. लातूरचं घर बांधलं तेव्हा तिला सासरी येऊन वर्षही झालं नव्हतं. उंबरा बसवताना खाली पाच धातूंचे तुकडे ठेवायचे असतात. बुगडीची तार होती, जोडव्याचा तुकडा होता, खिळा होता, पितळेची घुंगरी होती. तांबं नव्हतं. "तांब्याच्या दुकानदाराच्या घरात तांब्याचा तुकडा घावंना! तुझे अप्पा माल आणाया गेलेले, दुकानाच्या चाव्या त्यांच्या करदोट्याला. घरातला तांब्या काय फोडायचा होता व्हय? मुहूर्त टळून राहिला, आन् तुझी आजी अंगणातून बोंबलून राहिली, सुनंनं एवढं काम करून ठेवलं न्हाई म्हणून. मी आपली रडकुंडीला आले. मग ती थैली दिसली. माझ्या मामंजींनी, तुझ्या आजानं, नुकतीच दिलेली, ह्यांनी धड उघडून बघितली बी नव्हती."

"मग अख्खा पैसाच टाकायचा की उंबऱ्याखाली!"

"आगं, त्यांच्या बापानं दिलेला पैसा अख्खा कसा पुरू? तेवढी अक्कल होती मला. सुताराला म्हटलं, बाबा, कडंचा तुकडाच काढ, पैसा ऱ्हाऊ दे. तो कुरकुरला, पटाशीची धार जाती म्हणे. पण गोल पटाशी घेतली आन् मारला एक टोला. तुकडा उंबऱ्याखाली, पैसा थैलीत. कुणाला पत्ता न्हाई."

"आणि अप्पा?"

अव्वा हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते आले, थैली ओतली आन् ह्यो पैसा बघून खुळ्यावानी खूश झाले. आईला ओरडून सांगतेत, बघ गं, टांकसाळीतूनच चावून आलाय! मी म्हटलं, आता काय बोलू? ऱ्हाऊ दे खूश. मग आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता ते साऱ्या लातुराला दाखवून आले. आता ह्या वयात कळलं की बायकोनं जन्मभर फसवलं, तर कसं वाटंल त्यांना? लेकी, तेवढं कळू देऊ नको."

एवढ्यात मागच्या दारात काहीतरी वाजलं. बघितलं तर मामा, हातात रिकामा तांब्या. ऊन पाणी मागायला आलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं, ते त्यांच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. अव्वेची दाराकडं पाठ होती म्हणून तिला ते दिसले नाहीत. मामांनी माझ्याकडं बघितलं, तांब्या हळूच दारात ठेवला आणि पाणी न घेताच निघून गेले. मेले, म्हटलं! आता हा माणूस भर बैठकीत बोंब मारणार.

आमची बैठक एका कापड दुकानाच्या माडीवर भरते. गाठोडी बाजूला सारून सतरंजी टाकायची, मधे पांढरं फडकं, त्यावर नाणी. त्या दिवशी पैजेची खबर आधीच फुटली होती, त्यामुळं एरवी न येणारेही आले होते. अप्पा ताठ बसले होते. अव्वा भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून. मामांनी येताना खरंच एक गुलाबी फेटा आणला होता आणि तो मांडीवर ठेवून बसले होते. मला वाटलं, चिडवायला आणलाय.

मी उभी राहिले. पदराची गाठ सोडली, पैसा फडक्यावर ठेवला. सगळ्यांच्या माना पुढं. मी आयुष्यात शंभर लोकांना तोंडावर सांगितलंय, बाबा तुझा पैसा जखमी आहे, घरी जा. आणि त्या दिवशी माझा आवाज असा निघाला, जसा शाळेत न शिकलेल्या धड्यावर प्रश्न आला की निघतो.

"टांकसाळीची चूक आहे," मी म्हटलं.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. खूश व्हायला पाहिजे होते, पण ते नुसते बघत राहिले. मी मान खाली घातली.

"आण ते भिंग इकडं," मामा म्हणाले.

मामांनी पैसा उचलला, भिंग लावलं आणि सरळ समोरची कड बघितली. चावा बघितलाच नाही. बघत राहिले, बघत राहिले. मग त्यांनी पैसा फडक्यावर ठेवला, भिंगाची घडी मिटली आणि म्हणाले, "मान्य."

लोकांना आधी कळलंच नाही. ह्या माणसानं आजवर लाइटबिलसुद्धा भांडल्याशिवाय मान्य केलेलं नाही. एकानं माझ्या कानात विचारलं, "मामांची तब्येत बरी हाय ना?" मामा उठले, फेटा झटकला आणि अप्पांना बांधायला लागले. बांधला, पण असा आवळला, असा आवळला, की अप्पांच्या भुवया कपाळात गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अव्वा पदराआड हसत होती का रडत होती, मला दिसलं नाही. माडीवरून उतरताना मामा माझ्याजवळ आले.

"ईनबाईसाठी हरलो," ते म्हणाले. "इवायासाठी न्हाई. ध्यानात ठेव."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण पाया पडले असते तर ते परत सुरू झाले असते, म्हणून मी त्यांच्या आवडीचं वरण-फळ करायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दोघांना लातूरच्या एसटीत बसवायला गेले. अव्वेला अर्धं तिकीट, अप्पांना फुकट, त्यामुळं दोघं राजेशाही थाटात. अप्पांनी फेटा काढलाच नव्हता. अव्वा खिडकी धरून, पिशवी मांडीवर घेऊन बसली. अप्पा खालीच थांबले, मला म्हणाले, इकडं ये जरा. आम्ही गाडीच्या मागच्या बाजूला गेलो.

"नजर कच्ची झाली तुझी," अप्पा म्हणाले.

मी पदर सावरला.

"समोरची कड बघायला शिकवलं होतं का न्हाई तुला? सगळ्यांसमोर माझ्या शिकवणीची लाज काढलीस."

मला असा राग आला! ज्याच्यासाठी मी माझा शब्द मातीत घातला, तोच मला कच्ची म्हणतोय. मी म्हटलं, "अप्पा, मला शिकवता, आणि तुमच्या पैशाची समोरची कड तुम्ही कधी बघितली नव्हती?"

"बघितली की," अप्पा म्हणाले. "त्याच दिवशी."

"म्हणजे?" मी म्हटलं.

"बघायची गरज बी नव्हती. चावा लालबुंद होता, ताजा. तांब्याच्या दुकानातला माणूस मी, मला कळणार न्हाई? उंबऱ्यापाशी तांब्याचा कीस पडलेला. तुझी आई दाराआड उभी, पांढरीफटक. आन् अंगणात माझी आई. तिला कळलं असतं की सुनंनं पोराचा पैसा कापवला, तर त्या पोरीचं काय केलं असतं? म्हणून ओरडून सांगितलं, टांकसाळीतूनच चावून आलाय म्हणून. आन् आईची नजर लई तीक्ष्ण, चावा लाल दिसायला नको, म्हणून म्हशीच्या उकिरड्यात पुरून ठेवला, काळा होईस्तोवर."

"आणि तो अंगठा?"

"आता सवय लागली," अप्पा म्हणाले. मग माझा हात धरून म्हणाले, "तुझ्या आईला ह्यातलं काय बोलू नको. तिला वाटतंय तिनं मला फसवलं. वाटू दे. खूश असती."

माझ्या ओठांवर आलं होतं, अप्पा, तिनं मला काल काय सांगितलं ठाऊक आहे का? पण कुणाचं गुपित कुणाला सांगू? मी मूग गिळून गप्प बसले. मी, जिला तोंड आवरत नाही म्हणून दोन्ही घरं ओळखतात! ड्रायव्हरनं हॉर्न दिला. अव्वेनं खिडकीतून डोकं काढलं.

"काय बोलून राहिले बापलेक?"

"काय न्हाई," अप्पा गाडीत चढत म्हणाले. "पोरीची नजर कच्ची ऱ्हायली म्हटलं. माझ्याच शिकवण्यात कमी पडलं."

"आसू द्या की, लेकरू हाय," अव्वा म्हणाली, आणि त्यांच्या पाठीमागून माझ्याकडं बघून डोळा मारला.

मी खाली उभी होते. हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते, आणि त्या दोघांचा रागही येत होता. गाडी हलली. अव्वा अप्पांचा फेटा सैल करत होती. अप्पांना तोवर पलीकडच्या सीटवर नवा माणूस सापडला होता, आणि ते त्याला पैसा दाखवून राहिले होते. अंगठा जागेवर होता.